चकतीच्या गाण्याचा उन्हाळा

कूलरची टाकी धुवायला काढली की माझा उन्हाळा सुरू होतो. ऊन त्याआधीच तापलेलं असतं, कैऱ्या धरलेल्या असतात, दुपारी रस्ते ओस पडायला लागलेले असतात. पण खसच्या नव्या ताट्यांवर पहिलं पाणी पडून तो ओला, मुळांचा वास घरात शिरत नाही, तोवर मला काही उन्हाळा आल्यासारखा वाटत नाही. परवा मुलाने जिन्याखालचा कूलर ओढून काढला. "आई, आता एसी घेऊन टाकू," तो म्हणाला. "घेऊ पुढच्या वर्षी," मी म्हणाले. हे आमचं दरवर्षीचं बोलणं आहे. मग पंप सुरू झाला, ताट्या काळ्या पडत गेल्या, आणि नागपूरच्या बेसा भागातलं हे नवं घर क्षणभर जुन्या वासाने भरून गेलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. शेजारची मुलगी कानात ती बिनतारी बोंडं घालून फाटकाशी उभी होती. "हळूच बोलते ना मी, घरी सगळे आहेत!" असं ती कोणाला तरी समजावत होती, आणि ते साऱ्या गल्लीला ऐकू जात होतं. मला हसू आलं. कान झाकले की माणसाला आपला आवाज किती मोठा झाला ते कळत नाही. हे मला तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात मी ते रोज पाहत होते, आणि त्याच उन्हाळ्यात ते माझ्याही वाट्याला आलं होतं.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. बर्डीवर, मुख्य रस्त्याच्या जरा आत, रेडिओ आणि टेपचं एक दुकान होतं. मालकांना सगळे शेठजीच म्हणत. थंडीत दुकानात टेपरेकॉर्डर आणि टीव्ही मांडलेले असत, उन्हाळ्यात मात्र अर्धं दुकान कूलर-पंख्यांनी भरून जाई. हंगामापुरता एक माणूस जास्तीचा लागे. त्या वर्षी तो माणूस मी होते.

आमचं घर गोळीबार चौकाच्या मागे, विणकरांच्या वस्तीत. बाबांच्या हातून माग कधीच सुटला होता. घरातल्या मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर आम्ही ट्रंका ठेवल्या होत्या. बाबा गांधीबागेत एका ठोक दुकानात पांढऱ्या गादीवर बसून साड्या उलगडून दाखवत. पूर्वी जी वस्तू ते विणत तीच आता विकत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी चांगलं-वाईट काही म्हटलेलं मी ऐकलं नाही. मी दुकानात लागले तेव्हा वस्तीतल्या बायका आईला म्हणाल्या, "पोरीले दुकानात उभी करून राहिले? बरं दिसते का हे?" आईने ते बाबांच्या कानावर घातलं. बाबा म्हणाले, "मीही दुकानातच बसतो." बस, तेवढ्यावर विषय संपला.

मी लागून थोडे दिवस झाले असतील, तेव्हा शेठजींचे मेहुणे सिंगापूरहून आले आणि येताना ते यंत्र घेऊन आले. पोळीच्या डब्यापेक्षाही लहान, चपटं, काळं. वरचं झाकण उघडायचं, आत चांदीसारखी चकती बसवायची, झाकण लावायचं, आणि कानांवर स्पंजाच्या गाद्या लावलेला हेडफोन चढवायचा. गाणं फक्त त्या एका माणसाला. कॅसेटसारखी फीत नाही, रेकॉर्डसारखी सुई नाही. चकत्या तीनच होत्या. एक सतारीची, एक विलायती वाद्यवृंदाची आणि एक जुन्या हिंदी गाण्यांची. मुंबईचा कोणी व्यापारी अशी यंत्रं मागवायच्या विचारात होता, आणि नागपुरात ती खपतील का, हे त्याला शेठजींकडून हवं होतं.

"मंदा बेटी," शेठजी मला म्हणाले, "हे तुझ्याकडे. जो येईल त्याले ऐकवजो. मग विचारजो, कसं वाटलं. तू कमी बोलजो, त्याले बोलू देजो. संध्याकाळी चहाच्या वेळेला मले सांगत जा."

यंत्र दाराजवळच्या मोठ्या कूलरसमोर, एका स्टुलावर मांडलं. शेठजींची हुशारी अशी, की बर्डीवरून उन्हात भाजत जाणारा माणूस गार हवेसाठी आत वळायचा आणि गाणं ऐकूनच बाहेर पडायचा. मे महिन्यातली दुपार म्हणजे डांबर चपलेला चिकटावं अशी. त्यामुळे लोकांची रीघ लागली. त्यांतले बरेच जण मत द्यायला आले होते की कूलरच्या वाऱ्याला, हे सांगणं कठीण होतं.

काय काय बोलायचे लोक! एका कापडवाल्याने चकती हातात घेऊन उलटी केली आणि विचारलं, "याची दुसरी बाजू कुठं आहे?" दुसरी बाजू नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, निम्माच माल हाती लागल्यासारखा. एका बाईने त्याच चकतीत बघून कुंकू नीट केलं आणि ऐकायच्या आधीच मत दिलं, "आरसा छान आहे." एका डॉक्टरांना आवाज फार आवडला, पण ते हेडफोन घालून दुकानात दोन पावलं चालले तोच गाणं अडखळलं. "चालता चालता ऐकायचं म्हणता आणि चाललं की अडतं," ते म्हणाले, "म्हणजे पडून आहे तोवर रोगी बरा म्हणायचं." कॉलेजची पोरं घोळक्याने येत. एक जण ऐके, बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत. "काय आवाज आहे बे!" तो ओरडे, कारण त्याला वाटे आपण साधंच बोललो. मग सगळं दुकान त्याच्याकडे पाही आणि तो गांगरून हेडफोन काढी.

हे सगळ्यांचंच व्हायचं. कान झाकलेले, आत गाणं, बाहेर कूलरची घरघर. मग हळू बोलायला गेलेला माणूससुद्धा ओरडायचा. एका वयस्क गृहस्थांनी बायकोला "आपल्याला परवडायचं नाही, पण ऐकून तर घेऊ," हे इतक्या मोठ्याने सांगितलं, की शेठजींनी तोंड फिरवून पंख्यांच्या खोक्यांकडे बघायला सुरुवात केली. मी एकदा मेकॅनिक देशमुखकाकांना म्हटलं, की सांगून ठेवू या का सगळ्यांना आधी, हळू बोला म्हणून. ते म्हणाले, "कायले? खरं मत असंच निघते."

दुकानाला दुपारी एक निवांत वेळ असे. शेठजी जेवायला घरी जात, देशमुखकाका मागच्या खोलीत एखादा रेडिओ उघडून बसत. अशाच एका वेळी मी तो हेडफोन पहिल्यांदा स्वतःच्या कानांवर ठेवला. जुन्या गाण्यांची चकती होती. ती गाणी मला पाठ होती. शेजारच्या रेडिओवर, लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या भोंग्यावर ऐकलेली. पण गाणारी बाई ओळ सुरू करायच्या आधी श्वास घेते, हे मला त्या दिवशी कळलं. आधी श्वास, मग शब्द. आमच्या घरात एक खोली आणि एक ओसरी. एकाने कूस बदलली तरी सगळ्यांना कळायचं, आणि कोणाचंच काही चुकीचं नव्हतं त्यात. पण मी एकटी कधी काही ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या कोणाला ऐकू येत नाही असं काही माझ्याकडे कधी नव्हतं. गाणं संपल्यावर पाहिलं, तर मी भर बर्डीवर, उघड्या दारासमोर डोळे मिटून उभी होते. पुढे रोज त्या वेळेला मी एक गाणं ऐकत असे. एकच. त्यापेक्षा जास्त घेतलं तर कोणाच्या तरी वाट्याचं घेतल्यासारखं वाटे.

त्याच सुमारास मला एक स्थळ आलं. मुलाचं नाव सुधाकर, विजेच्या ऑफिसात कायमची नोकरी, घर अजनीच्या पलीकडे, वडील नव्हते, आई आणि तो. पाहण्याचा कार्यक्रम आमच्या घरी रीतसर झाला. मी पोहे दिले, सुधाकरच्या आईने मला चालायला लावलं, शिवणकाम विचारलं, माझा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला. सुधाकर बोलायला नीट होता. बाबांनी तेव्हाच सांगून टाकलं, "पोरगी दुकानात काम करते. तिले ते पुढंही करायचं आहे." त्यावर सुधाकर म्हणाला, "आमची काही हरकत नाही." त्याच्या आईनेही मान हलवली. माझ्या आईच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. कायमची नोकरी, माणसं दोनच, वर पोरीला काम करू देणारे. आणखी काय हवं असतं?

जाताना सुधाकरच्या आई म्हणाल्या, "पोरगी कुठं काम करते ते एकदा पाहून घेऊ म्हणतो. सहज."

ते एका शनिवारी दुकानात आले. बाबाही गांधीबागेतून थोडा वेळ काढून सायकलने आले होते. मी घरून निघतानाच ठरवलं होतं, की आज बावरायचं नाही. हे माझं दुकान आहे, इथे पाहुणे ते आहेत. दुकानात गर्दी होती. एक नवरा-बायको कूलर बघत होते, दोन-तीन माणसं पंख्याच्या भावावरून घासाघीस करत होती, कोपऱ्यात देशमुखकाका. मी सुधाकरच्या आईंना खुर्ची दिली, गार पाणी दिलं. त्यांची नजर दुकानभर फिरून त्या यंत्रावर आली.

"हे काय आहे वं?"

मी झाकण उघडून चकती दाखवली, बसवली, हेडफोन त्यांच्या पदरावरून नीट कानांवर ठेवला. जुनं गाणं लावलं. त्या आधी दचकल्या, मग त्यांचा चेहरा सैल झाला. इतका वेळ त्या चेहऱ्यावर बारीक तपासणी होती, ती विरघळली. गाणं आवडलेल्या माणसाचा चेहरा किती लहान मुलासारखा होतो! त्या क्षणी मला त्या आवडल्या, हे मला कबूल आहे. त्या मान डोलावायला लागल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे त्या किंचित झुकल्या, तोंडावर हात आडवा धरला, आणि त्यांच्या मते कुजबुजल्या.

"बाबू, पोरगी कामाची आहे गा. रंगानं मार खाते, पण चालून जाईन."

कूलरच्या आवाजावरून ते दुकानाच्या टोकापर्यंत गेलं. पंख्याची घासाघीस थांबली. सुधाकरने आईच्या दंडाला धरून दाबलं. त्यांना वाटलं, तो हेडफोन मागतो आहे.

"थांब ना, ऐकू दे मले! आणि हे पाह्य, हे दुकान-फिकान आपण लग्न झाल्यावर बंद करू. आता काही बोलू नको त्यायले. बिचकतील."

एवढं बोलून त्या पुन्हा मान डोलावू लागल्या.

कूलर बघणाऱ्या बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नवऱ्याकडे तोंड केलं. बाबा पंख्यांजवळ पाण्याचा पेला हातात घेऊन उभे होते. तो पेला त्यांनी तोंडाला लावला नाही आणि खालीही ठेवला नाही. सुधाकरचे कान लाल झाले होते. तो फरशीकडे बघत होता. मला वाटलं होतं, असं काही झालं की माणसाला रडू येतं. मला रडू आलं नाही. मी गाणं संपायची वाट बघत उभी राहिले. ते बरंच लांब गाणं होतं.

संपलं तेव्हा मी हेडफोन काढला, त्यांचा पदर नीट केला. आणि रोजच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "कसं वाटलं, काकू?"

"लय गोड आहे वं," त्या म्हणाल्या. "कानात येऊन कोणी आपल्याशीच बोलल्यासारखं."

त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. बाबांनी पेला खाली ठेवला, पुढे झाले, आणि पाहुण्यांना समोरच्या गाड्यावर उसाचा रस पाजायला घेऊन गेले. बर्फ कमी टाका, काकूंचा घसा बसेल, असं त्यांनी रसवाल्याला सांगितलेलं मला आतून ऐकू आलं.

संध्याकाळी दुकान आवरून निघाले तर बाबा सायकल घेऊन बाहेर उभे. गांधीबागेतून पुन्हा इतक्या लांब आले होते. सायकलवर बसले नाहीत, हातात धरून माझ्या सोबतीने चालू लागले. उन्हाळ्यात संध्याकाळी भिंतींतून वाफ निघते, तशी ती निघत होती. बराच वेळ ते दुसऱ्याच गोष्टी बोलले. यंदा सुताचा भाव काय आहे, कोणाच्या मुलाने यंत्रमाग घातला. मग मध्येच म्हणाले, "ऐकलं ना तू?"

"ऐकलं."

"मीही ऐकलं."

सायकल दुसऱ्या हातात घेऊन ते घराच्या गल्लीत वळले.

तीन-चार दिवसांत निरोप आला, मुलगी पसंत आहे, पुढचं बोलायला या. तोवर आईला सगळं कळलं होतं. मला वाटलं होतं ती चिडेल, त्या बाईला नावं ठेवेल. ती शांतपणे कुरड्या पालटत होती. म्हणाली, "सगळ्याच सासवांच्या मनात असते असं. हिच्या तोंडून निघून गेलं एवढंच. तुझी आजी माझ्याबद्दल काय म्हणत असंन, मले काय माहीत? लोकांच्या मनातलं ऐकू यायला लागलं तर कोणाचंच लग्न नाही व्हायचं, मंदा."

ती चूक बोलली नव्हती. माणसं मनात एक ठेवतात, बाहेर एक बोलतात, आणि त्या दोन्हींच्या मधल्या जागेत संसार होतात, चांगलेही होतात. मी स्वतः पुढे कितीतरी माणसांबद्दल मनात काय काय धरून त्यांना चहा पाजला आहे. पण मला ऐकू आलं होतं. ऐकलेलं परत न ऐकलेलं करता येत नाही. रंगाचं मला तेवढं लागलं नव्हतं. ते मी लहानपणापासून ऐकत होते, त्याला मी सरावले होते. लागलं ते दुसरं वाक्य. 'आता काही बोलू नको त्यायले.' म्हणजे माझ्या पुढच्या आयुष्याचं एक दार आधीच बंद झालं होतं, आणि ते बंद झाल्याचं मला सोडून सगळ्यांना माहीत असणार होतं.

आठवडाभराने सुधाकर एकटा दुकानात आला. दुपारची निवांत वेळ होती. मी हेडफोन काढून पुढे झाले. तो घामाने भिजला होता. कूलरसमोर उभा राहिला, पण गिऱ्हाइकासारखा सैलावला नाही.

"आईचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला.

"त्या बोलल्या ते त्यांचं झालं," मी म्हटलं. "तुमचं मत काय आहे?"

असं मी त्याला कसं विचारू शकले, कोण जाणे. दिवसभर लोकांना तेच विचारून जीभ वळली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. मग म्हणाला, "ऐकून पाहू का?" मी सतारीची चकती लावून दिली. त्याने पूर्ण ऐकली. एक शब्द बोलला नाही, तोंडावर काही उमटू दिलं नाही. हेडफोन काढून स्टुलावर नीट ठेवला, वायरची गुंडाळी केली.

"मशीन चांगली आहे," तो हळू म्हणाला. "पण आमच्या घरी नाही चालणार. आमच्या घरी एकट्यानं काही ऐकायची सवय नाही."

तो यंत्राबद्दल बोलला की आणखी कशाबद्दल, हे मी त्याला विचारलं नाही. त्याने नमस्कार केला आणि उन्हात निघून गेला. तो वाईट माणूस नव्हता. दोन गोड शब्द बोलून त्याला मला गप्प करता आलं असतं, माझी आई आधीच त्याच्या बाजूची होती. त्याने तसं केलं नाही. एवढं मी त्याचं अजून मानते.

पुढचं सांगून टाकते, कारण त्यात फारसं काही नाही. ती यंत्रं नागपुरात आली नाहीत, निदान त्या वर्षी तरी नाही. शेठजींनी मुंबईला कळवलं, की लोकांना आवाज पसंत आहे, पण एवढ्या पैशात ते घरभर ऐकू येणारं काही घेतील. ते यंत्र त्यांच्या घरी गेलं आणि नातवंडांनी त्याची वाट लावली. हंगाम संपल्यावर शेठजी मला म्हणाले, "राहून जा." मी राहिले. माझं लग्न पुढे मूळ उमरेडच्या, पण नागपुरातच शिकवणाऱ्या एका शाळामास्तरांशी झालं. ते मला दुकानातून घ्यायला येत आणि देशमुखकाकांशी क्रिकेटवर भांडत बसत. शेठजींच्या मुलांनी दुकान विकलं तोवर मी तिथे होते.

सुधाकर नंतर एकदा दुकानात आला होता, बायकोला घेऊन, कूलर घ्यायला. त्याने मला ओळखलं, नमस्कार केला. मी त्यांना तीन-चार कूलर दाखवले. त्याने बायकोला विचारलं, "तुले कोणता आवडला?" ती बिचारी हसली आणि म्हणाली, "मी काय सांगू? आईले विचारा." गोरी होती, चांगली होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या दुपारी घरी जाताना मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. तिचं पाणी पिऊन झाल्यावर तिने पेला कुठे ठेवावा म्हणून इकडे तिकडे पाहिलं होतं, तेवढंच मनात राहिलं.

पण मला सांगायचं आहे ते बाबांचं. सुधाकर येऊन गेला त्या संध्याकाळी मी ओसरीवर बाबांजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "मला हे लग्न नाही करायचं." आत भांड्यांचा आवाज थांबला. आई ऐकत होती.

"नक्की?" बाबा म्हणाले.

"नक्की. तुम्ही त्यांना सांगा, पत्रिका जुळत नाही म्हणून."

तशीच रीत होती. नकाराला पत्रिकेचं कारण द्यायचं, म्हणजे कोणाचा अपमान होत नाही आणि मुलीवरही बोट येत नाही. मुलीने नाही म्हटलं, असं आमच्या नात्यागोत्यात कोणी बाहेर बोलत नसे. तसं एकदा कानोकानी झालं की पुढची स्थळं यायची थांबतात, हे आईने मला रात्री जेवताना दोनदा ऐकवलं. बाबा जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते जळते नऊ दिवस, लागलेला, रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. आई म्हणाली, ऊन उतरल्यावर जा. बाबा म्हणाले, "निरोप द्यायले संध्याकाळची वेळ बरी नाही." त्यांनी डोक्याकानाला दुपट्टा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि सायकल काढली. मी दारात उभी होते. अजनीच्या पलीकडे म्हणजे पार शहराचं दुसरं टोक. चौकात वळेपर्यंत त्यांची पाठ दिसत होती, मग नुसता झळांनी हलणारा रस्ता उरला.

ते आले तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता, चेहरा तांबडा झाला होता. त्यांनी सायकल भिंतीला लावली, दुपट्टा सोडला, ओसरीवर बसून थोडं थोडं पाणी प्यायले. उन्हातून आल्यावर एकदम पाणी पिऊ नये, असं ते आम्हाला नेहमी सांगत. आईने पन्ह्याचा पेला समोर ठेवला. तिला धीर निघेना.

"काय म्हणाले?"

"काहून, म्हणून विचारलं त्यायनं."

"मग? तुम्ही पत्रिकेचं सांगतलं ना?"

"नाही." बाबांनी पेला उचलला. "मी सांगतलं, पोरगी नाही म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं ना."

आईने पाण्याचा रिकामा तांब्या उचलला. मग आत गेली, आणि माझ्यासाठीही एक पेला पन्हं घेऊन आली.